चांगले जंतू

तलवाड्याच्या लग्नात अप्पांनी वरणाची बादली पंगतीत खाली ठेवली आणि ते मांडवाबाहेर गेले. परत आले तेव्हा पंगत उठली होती. आईला बाजूला घेऊन ते म्हणाले, "परसाकडला रक्त पडलं." त्यानंतर त्यांनी कुठल्याच पंगतीत वाढलं नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. चौसाळ्याला हमरस्त्यावर आमचं किराणा दुकान होतं, पण आसपासच्या गावांत त्यांना दुकानदार म्हणून कोणी ओळखत नसे. ते सगळ्यांचे वरणअप्पा होते. आमच्या लिंगायत समाजातलं लग्न असो, दुसऱ्या कुणाच्या घरचं बारसं असो, नाहीतर कपिलधारच्या यात्रेतला महाप्रसाद असो, वरणाची बादली अप्पांच्या हातात असायची. धोतराचा सोगा खोचून ते पंगतीत शिरले की लहान मुलंसुद्धा सरळ बसत. "वाढू का?" असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. "इचारलं की माणूस लाजंनं न्हाई म्हणतो," ते सांगत. "तोंडाकडं बघू ने, हाताकडं बघावं. बोटं मिटून हात आडवा केला तर पोट भरलंय. बोटं फाकवून केला तर वाढ म्हणतोय." लग्नात मोठ्या माणसांची फाकलेली बोटं मी त्यांच्यामुळेच बघायला शिकले, आणि ती सवय अजून सुटलेली नाही.

जेवणाऱ्यासाठीही त्यांचा एक नियम होता. पानात पडलं ते खायचं. "वाढलेला हात माघारी लावू ने," हे त्यांचं वाक्य. आईच्या हातून कधी भाजीत मीठ जास्त पडे, कधी भाकरी करपे. अप्पा मुकाट्यानं जेवत. शेवटी पाणी पिऊन म्हणत, "आज भाकरीनं ऊन लई घेतलं." आई हसायची. त्यांच्या संसारातली तक्रार एवढीच असायची.

किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातलं ते लग्न. रक्त पडू लागल्यावर गावानं आपापल्या परीनं निदान केलं. निम्म्या गावानं रक्ती आव म्हटलं, निम्म्यानं मूळव्याध. आवेच्या गोळ्या झाल्या, थांबून पुन्हा झाल्या, मग आणखी कडक गोळ्या झाल्या. मूळव्याधीचं औषध देणाऱ्या एका वैद्याकडे खेपा झाल्या. दोन दिवस बरं वाटे, मग पुन्हा पोटात कळ येई आणि अप्पा गिऱ्हाइकाची पुडी अर्धी बांधून मागच्या दारानं पळत. समोर गफूरभाईंचं पंक्चरचं दुकान होतं. दोघांची लहानपणापासूनची दोस्ती, आणि दोस्तीत गोड बोलायची पद्धत नव्हती.

"काय बे अप्पा," गफूरभाई रस्त्यापलीकडून ओरडत, "सगळ्या जिल्ह्याला जेवू घातलंस, आता समद्यांचं तुझ्याच पोटातून निघायलं का?"

"तुझं बी निघायलं बे," अप्पा म्हणत. "तुझ्या सलीमच्या लग्नात वरण कुणी वाटीनं प्यालतं, याद हाय का?"

हसून झालं की गफूरभाई रस्ता ओलांडून येत आणि अप्पा परत येईपर्यंत आमच्या दुकानात बसत. त्यांना साखर तोलता येत नसे. गिऱ्हाइकाला म्हणत, "तूच घे बाबा, अल्ला बघतोय."

त्या काळी गावात सगळे रानात जात. अप्पांना तेवढा वेळ मिळत नसे. त्यांनी घराच्या मागं संडास बांधून घेतला. आमच्या आळीतला तो पहिलाच. लोक थोडे हसले. औरंगाबादच्या रस्त्यावर एसटी कुठं किती थांबते आणि तिथं आडोसा कुठं आहे हे अप्पांना तोंडपाठ झालं. गेवराई, शहागड, पाचोड, आडूळ ही नावं मला प्रवासाची वाटतात. अप्पांना ती वेगळ्या कारणानं माहीत होती, आणि त्याबद्दल ते कधी बोलत नसत. बोलले ते एकदाच, आमच्या स्वामींशी. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय अप्पा जेवत नसत, आणि पूजेतून मधेच उठावं लागलं की त्यांना फार लागायचं. स्वामी म्हणाले, "अप्पा, आपल्यात विटाळ नाही, सुतक नाही. मग पोटाचं काय घेऊन बसलात? उठा, हातपाय धुवा, परत बसा. देव काय गाडी धरून निघालाय?" त्या दिवशी अप्पा पुष्कळ दिवसांनी पोटभर हसले.

शेवटी औरंगाबादच्या एका डॉक्टरांनी नळी घालून आतून तपासलं आणि नाव सांगितलं: अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, व्रण होतात, त्यातून रक्त जातं. आव नव्हे, मूळव्याध नव्हे. हा आजार पूर्ण जात नाही, पण आटोक्यात राहतो. गोळ्या रोज घ्यायच्या. आईनं यातला एकच शब्द घरी आणला: सूज. संध्याकाळी तिनं आंबेहळद उगाळून, कोमट करून अप्पांच्या पोटावर लेप घातला, पाय मुरगळल्यावर घालतात तसा. अप्पा उताणे पडून आढ्याकडे बघत होते.

"आगं, सूज आतून हाय."

"मग तेल जिरतंय तसा लेप बी जिरंल की," आई म्हणाली. "हालू नका."

ते हलले नाहीत. पिवळं पोट घेऊन दुसऱ्या दिवशी दुकानात बसले. गोळ्यांनी गुण येत होता, तेव्हा लेपालाही थोडं श्रेय मिळालं.

पुढच्या खेपेला मी बरोबर नव्हते, बीडला कॉलेजात परीक्षा चालू होती. त्या खेपेला डॉक्टर जे बोलले ते मला नंतर अप्पांकडून आणि बरंच नंतर डॉक्टरांकडूनही कळलं. आईनं त्यांना विचारलं होतं, की मधेमधे आवेच्या गोळ्या घरच्या घरी दिल्या तर चालतील का. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे होते. ते म्हणाले, तसं करू नका. माणसाच्या आतड्यात असंख्य जंतू राहतात, त्यांतले पुष्कळसे चांगले जंतू असतात. अन्नातला आपल्याला न पचणारा चोथा ते खातात, आणि आपल्या उपयोगी पडतात. कडक औषधांनी तेही मरतात. या आजारात शरीराचं आणि त्या जंतूंचं काहीतरी बिनसलेलं असावं असं आता काही लोक म्हणतात, पण नक्की अजून कळलेलं नाही.

आमच्याकडे 'चांगले' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. चांगलं पोतंभर धान्य, चांगले पन्नास लोक. म्हणजे भरपूर. आणि जंतू हा शब्द आईच्या वापरातला नव्हता. तिला ठाऊक होते ते जंत. ती ऐकून आली ते असं: अप्पांच्या पोटात चांगले जंत आहेत, असंख्य आहेत, आणि खाल्लेलं सगळं तेच खाऊन टाकतात. गोळीनं ते मरतात, पण डॉक्टर गोळी देत नाहीत. अप्पा वाळत चालले होते ते तिला दिसतच होतं. सगळं जुळलं.

जंतांवर काय करायचं हे आमच्याकडे प्रत्येक आईला माहीत असतं. तिनं वावडिंग कुटलं, पळसाच्या बिया आणल्या, आणि एका सकाळी अप्पांच्या चहात एरंडेल घातलं. आल्याचा चांगला मोठा तुकडा ठेचून घातला होता, वास लपावा म्हणून.

एरंडेलाचा वास आल्यानं लपत नाही. किराणा दुकानदाराला तर नाहीच. बऱ्याच वर्षांनी मी अप्पांना विचारलं, "तुम्हाला वास आला नव्हता का?"

"आलता की."

"मग कावून प्यालात, अप्पा?"

ते म्हणाले, "तिनं कप दोनी हातांनी धरलता."

सुजलेलं आतडं त्यानं खवळलं. संध्याकाळपर्यंत अप्पांना उठवेना. गफूरभाईंनी रस्त्यावर आडवं उभं राहून एक जीप थांबवली, मागच्या बाकावर गादी टाकली आणि स्वतः बरोबर निघाले. मी बीडहून तशीच औरंगाबादला गेले. अप्पांना रक्ताच्या बाटल्या चढवल्या होत्या. आतडं काढावं लागेल असं दोनदा बोलणं झालं. आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ती बसत नव्हती, रडत नव्हती, आणि काही खात नव्हती.

डॉक्टर आले, पोट चाचपलं, आणि त्यांनी विचारलं, "घरी काय दिलं होतं?"

आईनं तोंड उघडलं. त्याआधी अप्पा बोलले. आवाज अगदी बारीक होता. "एरंडेल घेतलं सायेब. मीच घेतलं. वाटलं, पोट साफ झालं की बरं वाटंल."

डॉक्टर त्यांच्यावर फार चिडले. इतकं समजावून सांगितलं तरी, दुकान चालवणारा शहाणा माणूस तुम्ही, शिकलेली मुलगी घरात, आणि तुम्ही सुजलेल्या आतड्याला धक्के मारता? आजूबाजूच्या पलंगांवरचे लोक बघत होते. अप्पा म्हणाले, "चुकलंच." आईचं तोंड मिटलं ते मिटलंच. त्या दिवशी तिला बोलू न देण्यात त्यांची माया होती. पण त्यानं काय झालं ते मला फार उशिरा दिसलं. जी चूक तिची नाहीच असं ठरलं, तिच्याबद्दल तिला कधी कुणाला विचारताही येईना.

आतडं वाचलं. अप्पा घरी आले. मग आमच्या घरात पथ्य सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य थोड्या दिवसांचं होतं. गावानं सांगितलेलं संपणारं नव्हतं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस एक वस्तू बंद करून जाई. कुणी तूर बंद केली, कुणी दूध, कुणी वांगं, कुणी शेंगदाणे. ज्वारी खरखरीत, म्हणून भाकरी बंद झाली. एका नातेवाइकानं दोष दुकानाला दिला. त्या वर्षांत आमच्या दुकानाच्या दाराला नव्या चकचकीत पुड्यांच्या माळा लटकू लागल्या होत्या, आणि थंड पेयाच्या बाटल्यांचा खोका रस्त्यावरून दिसेल असा ठेवलेला असे. "या पुड्यांनीच केलं," तो म्हणाला. अप्पा म्हणाले, "पावनं, मी इकतो, खात न्हाई." ते खरं होतं तोपर्यंत. पण आई सगळ्यांचं ऐकत होती. शेवटी मऊ भात, साबुदाण्याची खीर आणि चहात बुडवलेली बिस्किटं एवढंच उरलं. आयुष्यभर भाकरी खाल्लेला माणूस आपल्याच दुकानातल्या पुडीवर आला.

आईनं आणखी एक गोष्ट केली होती, ती कुणाच्या लक्षात आली नाही. अप्पांचं जे बंद झालं ते तिनंही सोडलं. आणि ती त्यांना वाढेनाशी झाली. भाताचं पातेलं, तूप, मीठ असं सगळं ती त्यांच्यासमोर मांडून ठेवी आणि आत जाई. अप्पा आपल्या हातानं घेत. मी सुट्टीत घरी आले तेव्हा हे बघितलं आणि मला वाटलं, आजारी माणसाला हवं तेवढं घेता यावं म्हणून असेल.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी अप्पांचं वजन बघून मान हलवली. "सूज कमी झालीय आणि उपासमार वाढलीय," ते म्हणाले. "आजार भडकला की तेवढे दिवस हलकं खायचं. बरं असताना हळूहळू सगळं सुरू करायचं. एका वेळी एक पदार्थ, थोडा थोडा. जे सोसत नाही तेवढंच सोडायचं, गावानं सांगितलेलं नाही." आई खाली बघत होती.

घरी आल्यावर दुपारी नेहमीसारखी मांडामांड झाली. आई आत वळली. अप्पा ताटापुढे बसून राहिले. बराच वेळ पातेल्याला हात लावेनात.

"जेवा की," आतून आई म्हणाली.

"वाढ."

"घ्या हातानं. पुढंच हाय समदं."

"आगं, जल्मभर लोकायला वाढलं. सोताच्या हातानं घेऊन जेवायचं असतं का वाढप्यानं? वाढ."

आई दारात आली. म्हणाली, "माझ्या हाताचं नको."

"मला दुसऱ्या कुणाच्या हाताचं न्हाई पाह्यजे," अप्पा म्हणाले. "आन हे पांढरं पांढरं बास झालं. मुगाचं वरण टाक उद्या."

तिनं भात वाढला. काही शितं ताटाबाहेर पडली. अप्पांनी ती एकेक वेचून खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून एकेक पदार्थ परत येऊ लागला. मुगाचं वरण सोसलं. दुधी सोसला. वांग्यानं त्रास दिला, ते बाहेर राहिलं. ज्वारीच्या कण्या शिजवून गाळून झाल्या, मग न गाळता झाल्या, आणि शेवटी एक दिवस भाकरीचा पापुद्रा ताटात पडला. गफूरभाई बघायला आले होते. म्हणाले, "भाकरी खाऊन असा रडायलास बे, जसं पोरगी सासरला चालली." अप्पा म्हणाले, "मिरची लागली." भाकरीबरोबर मिरची नव्हती. गोळ्या मात्र शेवटपर्यंत चालू होत्या. अप्पांना बरं वाटलं ते गोळ्या आणि भाकरी दोन्ही मिळून. मधून मधून आजार उसळे, मग पुन्हा मऊ भात. पण घर घाबरेनासं झालं. निदान मला तसं वाटत होतं. अप्पांची भाकरी परत आली तरी आईची आली नव्हती. ती अजून मऊ भातावरच होती. विचारलं की म्हणे, "मला तेच गोड लागतंय."

मी पुढं बीडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले. हाताशी पुस्तकं होती, पुढं मासिकं येऊ लागली, तेव्हा या आजाराबद्दल मिळेल ते वाचत गेले. डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलेली गोष्ट दिवसेंदिवस मोठी होत गेलेली दिसली. आपण जे खातो त्यावर आतड्यातले जंतू ठरतात; चोथ्याचं, वेगवेगळ्या प्रकारचं अन्न असलं की तेही अनेक जातींचे राहतात; अन्न एकसुरी झालं किंवा कडक औषधं पुन्हा पुन्हा झाली की त्यांच्या जाती कमी होतात; आणि या रुग्णांत त्या कमी झालेल्या आढळतात. पण आधी काय आणि नंतर काय, हे वाचून कळत नाही. जंतू बदलले म्हणून सूज आली, की सूज आली म्हणून जंतू बदलले? काही भाग आईबापांकडून रक्तातून येतो, काही भाग शरीराच्या स्वतःच्या बंदोबस्ताचा, म्हणजे रोगप्रतिकाराचा असतो. दुकानातल्या पुड्यांना दोष देणं मला आवडलं असतं. पण अप्पांचा आजार सुरू झाला तेव्हा ते दोन वेळा ज्वारीची भाकरीच खात होते.

पुढं बरीच वर्षं गेल्यावर अप्पांच्या आतड्यात गाठ निघाली. इतकी वर्षं सुजत राहिलेल्या आतड्यात कधी कधी ती होते. ती कळली तेव्हा उशीर झाला होता. शेवटच्या दिवसांत त्यांना काही जात नसे, तरी आई चमचाभर पेज घेऊन बसे आणि ते तोंड उघडत. आमच्या पद्धतीप्रमाणे त्यांना बसवून समाधी दिली. गफूरभाई खड्ड्याच्या कडेला उभे होते. त्यांनी मूठभर माती टाकली.

दिवस झाल्यावर आई मला म्हणाली, "औरंगाबादला जायचंय. डाक्टरला भेटायचंय."

"आता कशाला?"

"इचारायचंय."

मी नेलं. डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी आम्हाला ओळखलं. आई खुर्चीच्या कडेला बसली आणि एका दमात म्हणाली, "सायेब, त्या वक्ताला एरंडेल मी दिलतं. त्यांनी न्हाई घेतलं. तुमी चांगले जंतू म्हणलात, मी जंत ऐकले. त्यानंच गाठ झाली का?"

मला हे तेव्हा पहिल्यांदा कळलं, की तिला जंत आणि जंतू यांतला फरक समजला होता. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

डॉक्टर खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "नाही आई. एरंडेलानं त्या वेळी त्रास वाढवला, हे खरं. पण आजार त्यानं झाला नव्हता. गाठ तर नाहीच नाही. तो आजार त्यांना आधीच होता."

"मग आजार कशानं झाला?"

"ते अजून कुणालाच पुरतं माहीत नाही."

"तुमाला बी न्हाई?"

"मलाही नाही."

आईनं मान हलवली. पदर सावरला, नमस्कार केला. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि पाचोड जाईपर्यंत बाहेर बघत राहिली. गेवराईला गाडी थांबली तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, भूक लागली मला."

स्टँडबाहेरच्या खानावळीत आम्ही जेवलो. तिनं भाकरी घेतली, वांग्याचं भरीत घेतलं, शेंगदाण्याची चटणी घेतली. दुसरी भाकरी आली तेव्हा तिनं हात आडवा केला नाही.

अप्पांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आई माझ्याकडे बीडला असते. तिला सगळं खायला चालतं.